झुंडीचा न्याय आणि चर्चची घंटा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आम्हा आंबेडकरी कुटुंबांना या देशाचा इतिहास बहुधा दोन टप्प्यांत ठाऊक असतो. एक अब्राहम लिंकन यांचा, दुसरा मार्टिन ल्यूथर किंग यांचा. गुलामगिरी संपली आणि पुढे नागरी हक्क मिळाले, एवढे आमच्या मुलांना शाळेत शिकवले जाते. या दोहोंच्या मधली जी अनेक दशके आहेत, त्यांच्याविषयी घरात फारसे बोलणे होत नाही. त्या काळात कायद्याने स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय माणसाचे प्राण कोणत्याही क्षणी जमावाच्या हाती जात असत. आरोप सिद्ध व्हावा लागत नसे. तो केवळ उच्चारला जावा लागे. त्यालाच 'लिंचिंग' म्हणतात.

टस्कीगी संस्थेने ठेवलेल्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ माणसे अशा प्रकारे मारली गेली आणि त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होती. ज्या बळींची नोंदच झाली नाही, ते या आकड्यांत नाहीत.

आम्हांला या लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत चर्च नाही असे गाव नव्हते. रविवारी सकाळी सारे गाव प्रार्थनेला बसे. मग जमाव जमला तेव्हा या चर्चनी काय केले? त्यांनी जमावाला अडवले, की त्याच्याकडे पाठ फिरवली? अडवले असेल तर नेमके कशाच्या बळावर? धर्मसंस्था माणसाला माणुसकी शिकवते असे आपण सहज म्हणतो. हे विधान इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणे आवश्यक आहे. ज्यांच्या पूर्वजांनी धर्माच्याच नावाने शतकानुशतके अन्याय सोसला, त्यांना तर ते अधिकच आवश्यक आहे.

एकाच राज्यातील दोन घटना

१८९९ सालच्या जॉर्जिया राज्यापासून आरंभ करू. त्या वर्षी २३ एप्रिलला, रविवारी, न्यूनन या गावाजवळ सॅम होज या शेतमजुराला सुमारे दोन हजार लोकांच्या देखत जिवंत जाळण्यात आले. मालकाशी झालेल्या वादात त्याच्या हातून मालकाचा मृत्यू झाला होता. त्यात इतर भयंकर आरोपांची भर घालून वर्तमानपत्रांनी आठवडाभर लोकांना चिथावले होते. तो पकडला गेल्याची बातमी अटलांटा शहरात पोहोचली तेव्हा चर्चमधील प्रार्थना आटोपून माणसे बाहेर पडत होती. त्यांच्यापैकी अनेकांनी थेट रेल्वे स्थानक गाठले. हा 'देखावा' पाहण्यासाठी खास गाड्या सोडण्यात आल्या होत्या. राज्याचे माजी गव्हर्नर अ‍ॅटकिन्सन यांनी जमावासमोर उभे राहून, या माणसाला कायद्याच्या हाती द्या, अशी विनवणी केली. ती कोणी ऐकली नाही. त्या वेळी अटलांटा विद्यापीठात शिकवणारे डॉ. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या घटनेने मुळापासून हादरले. निव्वळ शास्त्रीय संशोधन करून वंशद्वेष दूर होईल, हा त्यांचा विश्वास या घटनेनंतर ढासळला.

आता त्याच राज्यात, त्याच वर्षी, अवघ्या चार महिन्यांनंतर काय घडले ते पाहा. ऑगस्टमध्ये डॅरियन या समुद्रकाठच्या गावात हेन्री डेलिगेल या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय गृहस्थावर एका गौरवर्णीय स्त्रीने बलात्काराचा आरोप केला. ते स्वतःहून तुरुंगात हजर झाले. सुरक्षिततेसाठी त्यांना सवाना शहरात हलवावे, असे शेरीफने ठरवले. वाटेत कैद्याला जमावाच्या हाती सोपवण्याचे प्रकार तेव्हा नित्याचे असल्याने कृष्णवर्णीय वस्तीला शेरीफच्या शब्दावर भरवसा नव्हता. वस्तीतील माणसांनी तुरुंगाभोवती पहारा बसवला. कैद्याला बाहेर काढण्याची हालचाल दिसली, की जवळच्या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट चर्चची घंटा वाजवली जाई. घंटा ऐकताच शेकडो स्त्री-पुरुष धावत येऊन तुरुंगाला वेढा देत.

अखेर गव्हर्नरांना राज्याची सेना पाठवावी लागली. तिच्या बंदोबस्तात डेलिगेल सवानाला सुखरूप पोहोचले. पुढे न्यायालयात खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. या यशाची किंमतही मोजावी लागली. पहाऱ्यात भाग घेणाऱ्या वीसहून अधिक लोकांना 'दंगल' केल्याबद्दल शिक्षा झाल्या. दरम्यान झालेल्या चकमकीत एक डेप्युटी मारला गेला, त्या प्रकरणात डेलिगेल यांच्या मुलांनाही तुरुंगवास घडला. परंतु ज्या माणसाला जमावाने मारले असते, त्याला न्यायाधीशासमोर उभे राहता आले.

दोन्ही ठिकाणी धर्म एकच होता, बायबलही एकच होते. एका ठिकाणी प्रार्थना संपवून माणसे माणूस जळताना पाहायला गेली, दुसऱ्या ठिकाणी चर्चच्या घंटेने माणूस वाचवला. फरक धर्मग्रंथात नव्हता, हे उघड आहे. तो कशात होता?

मौनाचे कारण

गौरवर्णीय चर्च गप्प का राहिली, याचे उत्तर त्यांच्या रचनेत सापडते. जमावात सामील होणारी माणसे परकी नव्हती. तीच रविवारी बाकांवर बसत, तीच वर्गणी देत आणि तीच पाद्र्याची नेमणूक करीत. व्यासपीठावरून जमावाचा निषेध करणे म्हणजे समोर बसलेल्या माणसांची नावे घेण्यासारखेच होते. काही धर्मोपदेशकांनी तसे धाडस केले, त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण बहुसंख्यांनी आत्म्याच्या उद्धारावर प्रवचने दिली आणि शेजारच्या मैदानात काय झाले त्याचा उल्लेख टाळला. ज्या समाजाच्या देणग्यांवर संस्था उभी असते, त्या समाजाच्या पापांविषयी ती संस्था बोलू शकत नाही, हा अनुभव एकट्या अमेरिकेचा नाही.

हे दक्षिणेपुरतेच होते असेही मानण्याचे कारण नाही. पेनसिल्व्हेनिया हे राज्य विल्यम पेन या शांततावादी क्वेकर पुरुषाने वसवले. तेथील कोट्सव्हिल या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात १३ ऑगस्ट १९११ रोजी, रविवारीच, झकारिया वॉकर या कामगाराला जमावाने इस्पितळातून ओढून नेले आणि हजारोंच्या साक्षीने जाळले. खटले झाले, सारे आरोपी सुटले. वर्षभराने न्यूयॉर्कचे लेखक जॉन जे चॅपमन तेथे गेले. गावाने केलेल्या पापाबद्दल प्रार्थनासभा घ्यावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी एक दुकान भाड्याने घेतले आणि वर्तमानपत्रात सभेची जाहिरात दिली. १८ ऑगस्ट १९१२ रोजी त्या सभेला दोन-तीन माणसे आली. चॅपमन यांनी आपले भाषण त्या दोन-तीन माणसांपुढे केले. ते भाषण आज अमेरिकेतील महत्त्वाच्या भाषणांत गणले जाते.

चर्चमधले वर्तमानपत्र

कृष्णवर्णीय चर्चची गोष्ट निराळी होती. गुलामगिरी संपल्यानंतर या समाजाच्या स्वतःच्या मालकीची, दुसऱ्या कोणाच्या मेहेरबानीवर नसलेली पहिली मोठी संस्था म्हणजे चर्च. शाळा तेथेच भरे, सभा तेथेच होत, अडल्या-नडल्यांचा निधी तेथेच जमा होई. १८१६ साली रिचर्ड अ‍ॅलन यांनी फिलाडेल्फियात आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र संप्रदाय स्थापला, त्यामागे अपमानाची एक घटना होती. गौरवर्णीयांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविकांना प्रार्थना करीत असताना गुडघ्यांवरून उठवण्यात आले होते. बाबासाहेबांनी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून दीक्षाभूमीपर्यंत जो मार्ग आक्रमिला, तो जाणणाऱ्या वाचकाला या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मेम्फिस शहरातील बील स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमधून 'फ्री स्पीच' नावाचे वर्तमानपत्र निघत असे. चर्चचे पाद्री त्याचे एक भागीदार होते. पुढे आयडा बी. वेल्स या तरुण शिक्षिका त्याच्या सहमालक आणि संपादक झाल्या. ९ मार्च १८९२ रोजी मेम्फिसमध्ये तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना तुरुंगातून काढून ठार मारण्यात आले. त्यांतील थॉमस मॉस हे वेल्स यांचे स्नेही होते. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गौरवर्णीय दुकानदाराच्या धंद्याला जड जात होते. वेल्स यांनी एकेका घटनेचा तपास करून दाखवून दिले, की गौरवर्णीय स्त्रियांच्या अब्रूचे कारण बहुतेक वेळा नुसते पांघरूण असते. खरे कारण मजुरी, जमीन, धंदा किंवा मताचा हक्क हेच असते. त्यांच्या छापखान्याची नासधूस झाली आणि त्यांना शहरात परतणे अशक्य झाले. तरीही त्याच वर्षी त्यांनी 'सदर्न हॉरर्स' ही पुस्तिका प्रसिद्ध केली.

यानंतरचा एक तपशील आमच्या वाचकांना विशेष वाटेल. १८९३ साली वेल्स यांना ब्रिटनमध्ये बोलावून घेणाऱ्यांत कॅथरीन इम्पी या क्वेकर बाई होत्या. सॉमरसेट परगण्यातील स्ट्रीट या लहानशा गावातून त्या १८८८ पासून एक मासिक चालवीत. त्या मासिकाचे नाव होते 'अँटी-कास्ट', म्हणजेच 'जातिविरोधी'. वर्णद्वेषाला 'जात' हाच शब्द योग्य आहे, असे इंग्लंडच्या खेड्यातील एका स्त्रीला तेव्हा वाटले होते. १८९३ आणि १८९४ च्या दौऱ्यांत वेल्स यांनी ब्रिटनमधील अनेक चर्च आणि प्रार्थनागृहांत भाषणे केली आणि तेथील धर्मगुरूंना थेट विचारले, अमेरिकेतील तुमचे धर्मबंधू गप्प का आहेत? १८९४ साली लंडनमध्ये लिंचिंगविरोधी समिती स्थापन झाली. घरात कोणी ऐकत नसेल तर अन्याय जगाच्या वेशीवर टांगावा, हे तंत्र वेल्स यांनी तेव्हाच वापरले होते.

बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये असताना

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींच्या उगमावरचा आपला प्रसिद्ध निबंध तेथे वाचला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, १५ मे रोजी, टेक्सासमधील वेको शहरात जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या मुलाला न्यायालयातूनच ओढून नेऊन नगरभवनासमोर जाळण्यात आले. दहा हजारांहून अधिक माणसे जमली होती. वेको हे चर्चसाठी आणि बाप्टिस्टांच्या बेलर विद्यापीठासाठी ओळखले जाणारे शहर होते. न्यूयॉर्कमधून निघणाऱ्या द्यु बॉइस यांच्या 'द क्रायसिस' या नियतकालिकाने जुलैच्या अंकात त्याचा सविस्तर वृत्तान्त छायाचित्रांसह छापला. या दोन तारखा शेजारी येणे हा योगायोग आहे. तथापि ज्या देशात बाबासाहेब जातीचे शास्त्र मांडत होते, त्या देशाचे वास्तव काय होते, ते या योगायोगातून दिसते. पुढे १९४६ साली त्यांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, हे सर्वश्रुत आहे.

चर्चच्या स्त्रियांनी काय केले

गौरवर्णीय चर्चमधून जमावाला पहिला संघटित विरोध झाला तो स्त्रियांकडून. त्यांच्याही आधी, १९२२ साली, मेरी टॅल्बर्ट यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'अँटी-लिंचिंग क्रुसेडर्स' ही चळवळ उभारली. दहा लाख स्त्रियांना एकत्र आणण्याचा तिचा संकल्प होता आणि लिंचिंगविरोधी डायर विधेयकासाठी तिने निधी गोळा केला. ते विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी ते अडवून धरले. याच सुमारास 'फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस' या चर्चच्या महासंघाने वंशसंबंधांसाठी आयोग नेमला. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज हेन्स यांनी त्याचे काम पाहिले. ज्या राज्यांत वर्षभरात एकही लिंचिंग झाले नाही, त्यांची यादी हा महासंघ प्रसिद्ध करू लागला.

१ नोव्हेंबर १९३० रोजी टेक्सासच्या जेसी डॅनियल एम्स यांनी अटलांटा येथे दक्षिणेतील गौरवर्णीय स्त्रियांची लिंचिंग-प्रतिबंधक संघटना स्थापली. आमच्या नावाने चाललेल्या या हत्या आम्हांला मान्य नाहीत, असे त्यांनी जाहीर केले. वेल्स जे चाळीस वर्षे सांगत होत्या, ते आता ज्यांच्या अब्रूचे निमित्त केले जाई त्या स्त्रियाच सांगू लागल्या. या संघटनेचा कणा मेथडिस्ट चर्चच्या महिला मंडळांचा होता. गावोगावी पसरलेली ही मंडळे पूर्वी परदेशी मिशनसाठी पैसे जमवीत. तेच जाळे आता वेगळ्या कामाला लागले.

त्यांची रीत अगदी साधी होती. एखाद्या गावात जमाव जमत असल्याची कुणकुण लागली, की संघटनेच्या बाई त्या गावातील ओळखीच्या स्त्रियांना दूरध्वनी करीत. त्या स्त्रिया शेरीफकडे जात, कैद्याला सुरक्षित ठिकाणी हलवण्याची मागणी करीत आणि आपले लक्ष आहे हे त्याला जाणवून देत. शेरीफ निवडणुकीने येत असे. गावातील प्रतिष्ठित घरच्या स्त्रिया दारात उभ्या राहिल्या तर त्याला विचार करावाच लागे. कैद्याचे रक्षण करीन, अशा प्रतिज्ञापत्रावर त्यांनी तेराशेहून अधिक पोलीस अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या. स्वतः स्त्रियांच्या सह्या चाळीस हजारांपलीकडे गेल्या. १९४० च्या मे महिन्यात दक्षिणेत लिंचिंगची नोंद न झालेले पूर्ण एक वर्ष सरल्याचे त्यांनी जाहीर केले.

याचे सारे श्रेय या संघटनेला देणे इतिहासाला धरून होणार नाही. कृष्णवर्णीयांचे उत्तरेकडे झालेले मोठे स्थलांतर, त्यांच्या संघटनांनी चालवलेला लढा, वर्तमानपत्रांची टीका आणि केंद्रीय कायद्याची टांगती तलवार, ही कारणेही तितकीच मोठी होती. शिवाय या संघटनेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्थान नव्हते, आणि एम्स यांनी केंद्रीय कायद्याला अखेरपर्यंत विरोधच केला. वरच्या जातीतील सुधारकांचा आपल्याला आलेला अनुभव येथेही दिसतो. अत्याचार थांबावा असे त्यांना मनापासून वाटे, पण पीडिताच्या हाती हक्काचे हत्यार द्यायला मात्र हात आखडे.

मोंटगोमेरीची रात्र

२१ मे १९६१ या रविवारी रात्री अलाबामा राज्यातील मोंटगोमेरी शहराच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये सुमारे पंधराशे माणसे जमली होती. आदल्या दिवशी तेथील बसस्थानकावर 'फ्रीडम रायडर्स'ना जमावाने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले होते आणि त्यांना पाठिंबा देण्यासाठी ही सभा होती. राल्फ अ‍ॅबरनाथी हे तेथील पाद्री. मार्टिन ल्यूथर किंगही आले होते. बाहेर हजारोंचा जमाव गोळा झाला. दगड आले, खिडक्यांच्या काचा फुटल्या, एक मोटार पेटवण्यात आली. आत गाणी चालू राहिली. किंग यांनी तळघरातून अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्याशी दूरध्वनीवरून बोलणी केली. केंद्र सरकारच्या मार्शलांनी अश्रुधुराने जमाव थोपवून धरला. शेवटी गव्हर्नरांना लष्करी कायदा पुकारून नॅशनल गार्ड बोलवावे लागले. पहाटेच्या सुमारास माणसे घरी जाऊ शकली.

या चर्चच्या भिंतींचीही एक कथा आहे. १९१० मध्ये जुनी इमारत जळाल्यानंतर चर्चच्या सभासदांनी रोज एकेक वीट आणून ती नव्याने उभारली, म्हणून लोक तिला 'रोज एक वीट' चर्च म्हणत. अर्धशतकानंतर त्याच विटांनी पंधराशे माणसांना रात्रभर सांभाळले.

सर्वच भिंतींना हे साधले नाही. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मृत्युमुखी पडल्या. जे चर्च जमावाच्या आड येते, ते जमावाचे लक्ष्यही होते.

आपल्यासाठी अर्थ

या इतिहासातून आम्ही जो निष्कर्ष काढतो, तो असा. जमावाला प्रवचनाने कोणी थांबवल्याचे येथे दिसत नाही. तो थांबला तो वेळेवर वाजलेल्या घंटेमुळे, दूरध्वनीमुळे, सह्यांच्या कागदामुळे, छापलेल्या पुराव्यामुळे आणि उघड्या ठेवलेल्या दारामुळे. आणि प्रत्येक वेळी या कृतीचा शेवट कायद्याच्या दारात झाला. डॅरियनच्या माणसांनी कैद्याला पळवून नेले नाही. त्याला न्यायालयापर्यंत जिवंत पोहोचवले. धर्मसंस्थेचे काम कायद्याची जागा घेणे हे नाही, कायदा पोहोचेपर्यंत माणूस जिवंत ठेवणे हे आहे. तो कायदा यायला मात्र फार उशीर झाला. लिंचिंगला केंद्रीय गुन्हा ठरवणारा एमेट टिल कायदा २९ मार्च २०२२ रोजी, म्हणजे डायर विधेयकानंतर पूर्ण शंभर वर्षांनी, अमलात आला.

आपल्या इतिहासातही अशी घंटा वाजली होती, पण उलट्या दिशेने. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठवण्यात आली. त्या अफवेने जमाव जमला आणि परिषदेहून परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. कित्येकांना मुसलमान शेजाऱ्यांनी घरात आसरा दिला. सूड घेण्यास सिद्ध असलेल्या हजारोंना बाबासाहेबांनी शांत केले आणि मार्ग न्यायालयाचा धरला. काही हल्लेखोरांना पुढे शिक्षाही झाली. मात्र २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांवर जमाव चालून आला, तेव्हा गावातील एकही दार उघडले नाही आणि एकही दूरध्वनी वेळेत कामी आला नाही.

आज अमेरिकेत ठिकठिकाणी आपली विहारे उभी राहत आहेत. रविवारी वंदना होते, मुलांचे वर्ग भरतात, १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी सभागृहे भरून जातात. हे सारे हवेच. परंतु विहार कोणाच्या मालकीचे आहे, ते कोणाच्या पैशावर चालते, आणि अडचणीच्या रात्री ते कोणासाठी उघडेल, या प्रश्नांची उत्तरे आपण आजच ठरवून ठेवली पाहिजेत. गावाकडे अत्याचार झाल्याची बातमी आली, तर चोवीस तासांत वकील, पत्रकार आणि स्थानिक कार्यकर्ता यांना जोडणारी यादी आपल्या विहाराजवळ तयार आहे काय? येथील शहरात एखाद्या कृष्णवर्णीय चर्चवर किंवा मशिदीवर जमाव आला, तर आपण त्यांच्या दारात उभे राहू काय? महाडला ज्यांनी दारे उघडली, त्यांचे ऋण फेडण्याचा यापेक्षा दुसरा मार्ग आम्हांला दिसत नाही.

जय भीम!